उमाजीभाऊ आणि अर्जुनावरचे ढोक

अंगणवाडीत टीव्ही येणार म्हटल्यावर गावातल्या बायांना वाटलं, आता दुपारच्या सिरियली फुकटात बघायला मिळणार. मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? टीव्ही आला. पण त्यात चित्र एकच. काटक्यांचा एक मोठा ढीग आणि त्यावर बसून राहिलेला एक काळा ढोक, लांब पायांचं करकोच्यासारखं पाखरू. तो नाचत नव्हता, गात नव्हता, सासूशी भांडत नव्हता. पहिल्या दिवशी अंगणवाडी खच्चून भरली, दुसऱ्या दिवशी अर्धी झाली. मी तिथली अंगणवाडीबाई. पुढे माझी तिथली लेकरं सोडली तर नेमानं येणारी दोनच माणसं उरली, उमाजीभाऊ आणि त्यांची बायको चंदाबाई.

आमचं गाव मूलहून गडचिरोलीकडे जाताना सडकेपासून आत आहे. गावाला मोठा तलाव, तलावाला मातीच्या बांधाची उंच पाळ, आणि पाळीच्या टोकाला मासे धरणाऱ्या आम्हा ढिवरांची घरं. उमाजीभाऊंचं घर त्यातलं शेवटचं. साठी उलटलेला, काटकुळा, अंगात बंडी आणि कानावर अर्धी ओढून विझवलेली बिडी ठेवणारा हा माणूस इतका हट्टी होता, की लोक त्यांना समोरच 'जुना खुंटा' म्हणायचे. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट बरंच वाटत असावं.

हट्ट कशाचा, तर जाळ्याचा. पाळीवर एक भलंमोठं अर्जुनाचं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी गंगामायचा शेंदूर फासलेला दगड. आमच्या ढिवरांची जुनी रीत अशी, की फाटून निकामी झालेलं जाळं जाळायचं नाही, उकिरड्यावर टाकायचं नाही. त्यानं घर पोसलेलं असतं. ते अर्जुनाच्या खालच्या फांदीला टांगायचं. मग गंगामाय ते परत घेते. उमाजीभाऊंच्या आजाच्या काळी जाळी सुताची असत. दोन पावसाळे खाल्ले की फांदीवरचं जाळं कुजून गळून पडायचं आणि लोक म्हणायचे, मायनं घेतलं. मग नायलॉन आलं. नायलॉन माय घेईना. बाकीच्या ढिवरांनी रीत सोडून दिली आणि जुन्या जाळ्यांचं कोंबड्यांपासून वाडीतली वांगी राखायला कुंपण केलं. एकटे उमाजीभाऊ दर दोन-तीन वर्षांनी आपलं निळं जाळं नेऊन फांदीला टांगत राहिले. तिथं त्यांचीच जाळी एकावर एक लोंबत होती, ऊन-पावसानं जराशी फिकी झालेली, पण धड.

"काय गा उमाजीभाऊ, तुमच्या मायले निळा रंग पसंत नाई का?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "तिले घाई नाई. तुमाले आहे."

चंदाबाई त्यांच्या उलट, बोलकी आणि खट्याळ. पण मी सांगते त्या सुमाराला तिचंही बोलणं आटलं होतं. त्यांचा एकुलता एक सूरज मिरची तोडायला आंध्रात गेला, तो तिकडचाच झाला. इकडून दरवर्षी टेम्पो भरभरून माणसं जातात आणि होळीला परततात. सूरज दोन होळ्या आलाच नाही. नंतर कळलं, की त्यानं तिकडे लग्न केलं, लेकरूही झालं. घरात दोनच माणसं, बोलायला विषय एकच, आणि तोच काढायचा नाही असं दोघांनी न बोलता ठरवलेलं. अशा घरात जेवताना ताटाचाच आवाज येतो. मी शेजारची, मला माहीत आहे.

त्यात दोन हजार आठ साली, पोळ्यानंतर, त्या अर्जुनाच्या शेंड्याला ढोकांच्या एका जोडीनं घरटं मांडलं. ही बातमी चंद्रपूरच्या भैयाजीला लागली. भैयाजी म्हणजे पाखरांमागे फिरणारा माणूस. गळ्यात दुर्बीण, पायात चिखलाचे बूट, आणि पाखरू दिसलं की जेवणखाण विसरणारा. त्यानं कुठल्याशा थंड देशातल्या काळ्या करकोच्यांचं घरटं इंटरनेटवर पाहिलं होतं. तिथं म्हणे झाडावर कॅमेरा लावतात आणि सगळी दुनिया घरबसल्या पिल्लं मोठी होताना बघते. तेव्हापासून त्याला ध्यास लागला होता, की आपल्याकडेही असं करायचं.

"तो काळा करकोचा आपल्याकडे हिवाळ्यात नुसता पाहुणा येतो, घरटं करत नाही," त्यानं आम्हाला समजावलं. "हा त्याचा चुलतभाऊ. मान तेवढी पांढरी."

"सासरकडचा का माहेरकडचा?" चंदाबाईनं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिचा असा आवाज मी ऐकला.

अंडी घालायच्या आत कॅमेरा लागायला हवा होता. शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीतला, जंगू गोंड मधाची पोळी काढणारा, कुठल्याही झाडावर खारीसारखा चढायचा. त्यानं वर जाऊन कॅमेरा बांधला. वायर खोडावरून उतरून, पाळीवरून, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून माझ्या अंगणवाडीत, भैयाजीनं आणलेल्या टीव्हीला आली. खाली टांगलेली जाळी बघून भैयाजी हरखला, त्यानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाला, "भाऊ, ही रीत टिकवा. कुठं उरली नाही आता." उमाजीभाऊंची छाती फुगली. जुन्या खुंट्याला शिकलेल्या माणसानं मान दिला होता!

नवरात्रात अंडी दिसली. नर-मादी दोघं आळीपाळीनं बसायचे, हे चंदाबाईला फार आवडलं. एक उठला की दुसरा चोचीत गवत, काटकी, शेणाचा पोपडा असं काहीबाही घेऊन यायचा आणि अंड्यांभोवती खोचायचा. ती नवऱ्याकडे बघून म्हणायची, "पाहा जी, तो पाखरू असून घरात काईतरी आणते. तुमी विडी आणता."

"तो चार महिन्याचा नवरा आहे वो. मले चाळीस वर्षं झाले."

मी लेकरांना खिचडी वाढत हसत असे. लाइट मात्र अर्धा दिवस नसायची. त्या वर्षांतलं भारनियमन कोणी विसरलं नसेल. ऐन वेळी पडदा काळा व्हायचा आणि दोघं तिथंच भिंतीला टेकून लाइट यायची वाट बघत बसायचे. बसल्या बसल्या बोलायचे. आधी ढोकांवर, मग तलावावर, मग एकदा माझ्या कानावर सूरजचं नावही आलं. मी मुद्दाम पातेलं घासायला बाहेर गेले. मला खरंच आनंद झाला होता.

मग एका सकाळी एक ढोक खालच्या फांदीवर उतरला आणि उमाजीभाऊंचं निळं जाळं चोचीनं ओढू लागला. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यानं एक धागा तोडला, उडाला, आणि थोड्याच वेळात तोच निळा धागा टीव्हीत दिसला, अंड्यांच्या बाजूला खोचलेला. अंगणवाडीत नुसता गलका झाला.

"उमाजीभाऊ, घेतलं जी तुमचं जाळं मायनं!"

त्यांनी कानावरची बिडी काढली, तशीच परत ठेवली. बंडीच्या बाहीनं डोळे पुसले. इतकी वर्षं लोकांची थट्टा ऐकली आणि आज तिनं घेतलं, तेही असं, वर शेंड्यावर, अंड्यांच्या अंथरुणाला. दुसऱ्या दिवशी ते अर्जुनाखाली बसले आणि जाळ्याच्या गाठी सोडू लागले. एकेक धागा मोकळा करून फांदीला अडकवून ठेवू लागले.

"हे काय करून राह्यले, भाऊ?" मी विचारलं.

"ढोकाले वढाले लगित जोर लागते, बाई. सुटं करून ठेवतो. सोपं जाईन."

ढोकांनी खरंच नेले ते धागे. रोज नेले. घरट्याच्या मधोमध निळी नक्षी दिसायला लागली. आम्ही कौतुकानं बघत राहिलो, भैयाजी बसनं आला तेव्हा त्यानंही बघितलं. कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला पिल्लं निघाली. दोन निघाली, कापसाच्या बोंडासारखी, आणि जन्मल्या क्षणापासून हावरी. आईबाप येऊन गिळलेले मासे, बेडूक घरट्यात ओकायचे आणि ही दोघं त्यावर तुटून पडायची. चंदाबाईनं नावं ठेवली, थोरला आणि बारका. भाताची कापणी आली, बांधावर भारे पडले, तरी दोघं नवरा-बायको दुपारी विळा बाजूला ठेवून येऊन जायची. थोरला भराभर वाढला. काळी पिसं फुटली, उभा राहून पंख झोडायला लागला. बारका अर्धवट उठायचा आणि बसायचा.

माझं अर्धं आयुष्य लेकरांना वजनाच्या काट्यावर टांगण्यात गेलेलं. मी आपलं निदान करून टाकलं, कुपोषण. थोरला सगळं खातो, बारक्याला उरत नाही, घरोघरी मातीच्या चुली. चंदाबाई टीव्हीवर थोरल्याला रागवायची, "अरे हाबऱ्या, लहान्याले ठेव जरासं."

पण एका दुपारी बारक्यानं जोर करून पंख उघडले आणि तो वर उठला. एक पाय उठला. दुसरा खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा राहिला. काटक्यांतून एक निळी रेघ ताठ झाली. तो पडला, पुन्हा उठला, पुन्हा रेघ ताठ झाली.

"अजी," चंदाबाई म्हणाली, "ते निळं कायचं आहे?"

उमाजीभाऊ उठून टीव्हीजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवलं. पायाभोवती धाग्याचे वेढे होते. पाय वाढला होता, धागा वाढला नव्हता. खाली पंजा सुजून काळपट पडला होता. खोलीत पाच-सहा माणसं होती, सगळ्यांना कळलं. त्या झाडाला दुसऱ्या कोणाचं जाळंच नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. थट्टा करणाऱ्यांपैकी एकानंही त्या दिवशी तोंड उघडलं नाही. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

उमाजीभाऊंनी सडकेवरच्या एसटीडी बूथवरून भैयाजीला फोन केला. तो पहिल्या बसनं आला. बराच वेळ टीव्ही बघत बसला, मग डोकं धरलं. "मला दिसायला पाहिजे होतं," एवढंच दोनदा म्हणाला. मग त्यानं नीट समजावलं. थोरल्याचे पंख अजून कच्चे आहेत. माणूस वर चढताना दिसला की तो घाबरून उडी मारणार, आणि उडता येत नाही म्हणून मरणार. संक्रांतीपर्यंत तो उडायला लागेल. तो एकदा बाहेर उडून गेला, की जंगूला चढवू आणि बारक्याला सोडवू. तोवर थांबायचं. जंगलखात्याची परवानगी पण लागते, तीही तो काढतो.

"तवपर्यंत त्याचा पाय राहीन का?" उमाजीभाऊंनी विचारलं.

"सांगता येत नाही. पण आत्ता चढलो तर थोरला जाईल, भाऊ. एकाला वाचवायला जाऊन दोघं जातील."

हे बरोबर होतं. मलाही पटलं, चंदाबाईलाही पटलं. उमाजीभाऊंनी मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि रोज येऊन बघत बसणं वेगळं. बारका दिवसभर त्या धाग्याशी झटायचा. चोचीनं ओढायचा, थकायचा, मान टाकायचा. लाइट गेली की उमाजीभाऊ उठून झाडाखाली जायचे आणि वर बघत उभे राहायचे, जणू खालून बघितल्यानं काही सुटणार होतं. खालची सगळी जाळी त्यांनी काढून घरात नेऊन कोंबली. जेवण तुटलं. चंदाबाईनं मार्कंड्याला नवस बोलला. मार्कंडा आमच्यापासून फार लांब नाही, वैनगंगेच्या काठावर. यमाच्या फासातून लेकराला सोडवणारा तो देव, मग एका पाखराच्या पायातला फास त्याला काय जड, असा तिचा हिशेब.

"मी बांधला तो," उमाजीभाऊ मला एकदा म्हणाले. "गाठी सोडून सोडून ठेवले, बाई. माह्या हातानं."

"तुम्हाला काय माहीत होतं, भाऊ?"

"माहीत नाई म्हणून का पाय सुटते?"

मी चहा टाकायला उठले.

संक्रांतीला अजून अवकाश होता तेव्हा त्यांनी जंगूला गाठलं. जंगू नाही म्हणाला. भैयाजीनं त्यालाही बजावलं होतं. मग या साठी उलटलेल्या माणसानं, ज्यानं गावच्या पाटलापुढे मान वाकवली नव्हती, जंगूच्या पायाला हात लावला. जंगू मागे सरकला, रडवेला झाला. वयानं बापासारख्या माणसानं पाय धरल्यावर कोण काय बोलणार? शिवाय पुढच्याच आठवड्यात त्याचाही टेम्पो आंध्राकडे निघणार होता. तो चढतो म्हणाला.

उमाजीभाऊ वेडे नव्हते. थोरला उडी मारेल हे त्यांच्या ध्यानात होतं. त्यांनी आपलं चांगलं, चालतं, सगळ्यात मोठं जाळं आणलं, ढिवरपुऱ्यातली चार माणसं गोळा केली आणि झाडाखाली चारी टोकं धरून जाळं ताणलं. पाण्यातून मासा निसटू न देणारी माणसं ती. वरून पडणारं पाखरू झेलू, याची त्यांना खात्री होती. ज्या नायलॉननं घात केला, तेच आता झेलणार होतं.

सकाळची लाइट होती. चंदाबाई आणि मी टीव्हीपुढे. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली. आधी नुसती काटकी हलली. थोरल्यानं मान ताठ केली. मग घरट्याच्या कडेवर जंगूचा हात आला. थोरला मागे सरकला, आणखी मागे, पंख उघडले आणि चित्रातून नाहीसा झाला.

बाहेर आरडाओरड झाली. मी खिडकीतून पाहिलं. तो सरळ खाली पडलाच नाही. कच्च्या पंखांवर तिरपा तरंगत, जाळ्याच्या वरून, त्या चार माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे गेला. क्षणभर वाटलं, उडाला की काय! उमाजीभाऊ जाळ्याचं टोक सोडून दोन्ही हात वर करून त्याच्यामागे धावले. आणि तो पाळीच्या दगडांवर आपटला. ते पोचले तोवर सगळं संपलं होतं.

टीव्हीत जंगूची बोटं बारक्याच्या पायाशी चालली होती. धागा कापला. बारका मोकळा झाला. पण पंजा सांध्याखाली सुकून काळा पडला होता, वाळल्या काटकीसारखा लोंबत होता. जंगूनं तो बघितला, हात मागे घेतला आणि झरझर खाली उतरून थेट आपल्या टोल्याकडे गेला.

भैयाजी दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उमाजीभाऊंच्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी सांगितलं होतं."

"हो."

मग भैयाजी उठून बससाठी सडकेकडे गेला.

आईबाप परत आले. बारक्याला भरवू लागले, तेव्हा चंदाबाईला आशा वाटली. मलाही वाटली. लंगड्या कोंबड्या जगतात, लंगडी कुत्री जगतात. पण ढोकाला उडायच्या आधी उभं राहावं लागतं. बारका पंख झोडायचा आणि जागच्या जागी गोल फिरायचा. दिवस गेले, पंख पुरते काळे कुळकुळीत झाले, मानेवर पांढरी लव आली. रूपानं अगदी बापावर गेला. उठता मात्र आलं नाही. मग आईबाप कमी येऊ लागले. पलीकडच्या काठावर नुसते उभे राहायचे. भैयाजी म्हणाला, पिल्लानं घरटं सोडून बाहेर यावं म्हणून ते असं करतात, उडणाऱ्या पिल्लाला ते बरोबर समजतं.

"अन् न उडणाऱ्याले?" चंदाबाईनं विचारलं.

त्याला खाली आणून घरी ठेवायचं उमाजीभाऊंच्या मनात होतं. तलाव होता, मासे होते, दोघांना वेळच वेळ होता. चंदाबाईनं कोपऱ्यात भाताचा पेंढा अंथरून ठेवला होता. पण जंगू मिरचीला निघून गेला होता आणि त्याच्यासारखं चढणारं गावात कोणी उरलं नव्हतं. भैयाजीनं दुसरा माणूस शोधायला धावाधाव केली. माणूस मिळाला, यायचा दिवसही ठरला. त्याच्या आधीच एका दुपारी लाइट आली आणि पडद्यावर बारका मान लांब टाकून पडलेला दिसला. माशा बसत होत्या. चंदाबाई उठली, पदरानं टीव्हीची काच पुसली, आणि पुन्हा बसली. उमाजीभाऊ म्हणाले, "मायनं जाळं कदीच घेतलं नवतं, बाई. मीच म्हणून राह्यलो होतो." टीव्ही मी बंद केला.

महाशिवरात्रीला दोघं मार्कंड्याच्या जत्रेला गेली. नवस फेडायचा नव्हता, तरी गेली. भैयाजी टीव्ही घेऊन गेला. कॅमेरा वरच राहिला, कारण होळीला परतलेल्या जंगूनं त्या झाडाला पुन्हा हात लावायला साफ नकार दिला. झाड कोपलं आहे, असं त्याचं म्हणणं. कोणी कितीही विनवलं तरी तो ऐकेना, आणि हे कानावर गेल्यावर भैयाजीनं शोधलेला तो दुसरा माणूसही यायला तयार होईना. घरटं तसंच राहिलं, आणि त्यातला तो निळा धागाही. उन्हाळ्यात पानगळ झाली तेव्हा खालूनसुद्धा दिसायचा. पावसात बाकीच्या काटक्या काळवंडल्या, धागा मात्र धुऊन निघाला.

पोळा झाला आणि ढोकांची जोडी परत आली. तीच असावी. भैयाजी म्हणायचा, हे पाखरू आपलं जुनं घरटं सोडत नाही, त्यावरच नवी काडी रचतं. पहिल्यांदा मला दिसली आणि मला इतका आनंद झाला, की मी धावतच उमाजीभाऊंच्या घरी सांगायला गेले. ते भाकरी खात होते. ताट तसंच सरकवून उठले, कोपऱ्यातला तेलाचा रिकामा पिपा उचलला, काठी घेतली आणि पाळीवर गेले.

आणि पिपा बडवायला लागले.

ढोक दचकून उडाले, तलावावर घिरट्या घालून पलीकडे उतरले. जरा वेळानं परत आले. पुन्हा पिपा. गावाला वाटलं, म्हातारा गेला कामातून. माणसं जमली, कोणी हसलं, कोणी हात धरला. त्यांनी हात झटकला. दिवस उगवला की पिपा, मावळेपर्यंत पिपा. ढोक चोचीत काडी धरून यायचे, शेंड्याजवळ थबकायचे आणि वळायचे. दुपारी चंदाबाई भाकरी घेऊन यायची. ते जेवत तोवर ती तिथं उभी राहून पितळी ताट बडवायची. एक शब्द न बोलता दोघांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या.

भैयाजीला मीच कळवलं होतं, ढोक आले म्हणून. तो नवा कॅमेरा घेऊन, हसत हसत बसमधून उतरला आणि पाळीवरचा आवाज ऐकून धावत गेला. "भाऊ, काय करता हे? किती मुश्किलीनं परत येतात हे पक्षी!"

उमाजीभाऊंनी काठी थांबवली. आवाज बसला होता. "भैयाजी, वर जाऊन तो धागा काढून द्या. मी आता पिपा ठेवतो."

भैयाजीनं वर बघितलं. मग कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन माझ्या अंगणवाडीत येऊन बसला. मी चहा दिला. बाहेर पिपा पुन्हा सुरू झाला, आणि त्यानं कप दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायला नाही.

ढोकांनी चिकाटी सोडली नाही, पण शेवटी पाखरूच ते. एका सकाळी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. दुसरीकडे कुठं घरटं केलं असेल, पिल्लं उडाली असतील, असं मी म्हणते. उमाजीभाऊ हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. पोळा झाला की ते अजून रोज सकाळी पाळीवर जातात, अर्जुनाखाली उभे राहून शेंडा नीट बघतात, आणि रिकामा दिसला की घरी येऊन जेवतात.